काठीपासून एक वल्हं

७ जानेवारी
नदीच्या मध्यात पाणी तीन हात खोल. पायऱ्यांशी अर्धा हात, तोही गाळ धरून.

गाळ काढायचं मंजूर झालं. एकेचाळीस अर्जांनंतर नदी कार्यालयाला पाझर फुटला. पत्र आलं तेव्हा मी होडीच्या तळाला डांबर लावत होतो. हात काळे, म्हणून शेजारच्या घड्याळजींनी वाचून दाखवलं. आमच्या ओळीतल्या अकराही घरांनी या अर्जांवर सह्या केल्या होत्या. पहिल्यावर उत्साहाने, विसाव्यावर हसत आणि एकेचाळिसाव्यावर नुसती माझी कटकट टळावी म्हणून. आज सगळे येऊन पाठ थोपटून गेले.

अकरा वर्षं होडी आमच्या पायऱ्यांना लागलेली नाही. प्रवाशांना चिखलावर फळ्या टाकून शंभर पावलं चालवावं लागतं. म्हातारे येईनासे झाले, मग बायका येईनाशा झाल्या. आम्ही चौघेच होडीवाले उरलो, बाकीचे गाड्या चालवायला लागले.

ताईला सांगितलं. ती खालच्या खोलीत नदीकडच्या खिडकीशी बसून कपड्यांना बटणं लावत होती. आई गेल्यापासून मला वाढवलं ते तिनेच, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क तिचा. म्हणाली, तुझं लग्न नदीशीच लागलंय, आता बायकोची एकदा आंघोळ तरी होऊ दे.

११ जानेवारी
इंजिनिअर बाई आल्या होत्या. स्वभावाने बऱ्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांच्याकडचा नकाशा तीस वर्षांपूर्वीचा. म्हणाल्या, नदीचा काठ तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही, तेव्हा गाळ कुठवर काढायचा त्याच्या काठ्या तुम्हीच रोवून द्या. मला इतका मान माझ्या उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

बावीस काठ्या रोवल्या. वरच्या वळणापासून पुलापर्यंत. आमच्या ओळीसमोरच्या सात काठ्या घरांच्या नदीकडच्या भिंतीपासून चार हातांवर. बाबा लांब रोवायचे, पण बाबांच्या वेळी नदीला पाणी होतं, त्यांना चोचले परवडत. काठीपासून एक वल्हं सोडून मशीन चालेल, म्हणजे भिंतीपासून दहा हातांवर पाणी. तिथून पायऱ्यांपर्यंत एक फळी टाकली की झालं. प्रत्येक काठीचं अंतर मागच्या पानावर मांडून ठेवलं आहे, बाबांची सवय.

शेवटची काठी रोवताना ताईने खिडकीतून हाक मारली. मी कमरेएवढ्या चिखलात, वर बघून हसलो. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, काही नाही, जेवायला ये.

बाईंनी विचारलं, "हद्द इथवर, बरोबर?" मी म्हटलं, इथवर. कागदावर नुसती काठ्यांची संख्या होती, त्यावर सही केली.

१९ जानेवारी
मशीन आलं. लोखंडी तराफ्यावर बसवलेलं, लांब हाताचं, पुढे दातेरी बादली. पहिली बादली वर आली तेव्हा चौघे होडीवाले लहान पोरांसारखे टाळ्या वाजवत होतो. आत काय निघालं तर एक सायकल, तीन चपला आणि अकरा वर्षांची घाण. वासाने सगळ्या ओळीने खिडक्या लावून घेतल्या.

मशीन चालवणारा तिशीचा, लांबच्या गावचा, मला काका म्हणतो. दुपारी त्याला तराफ्यावर सावली नसते म्हणून डबा खायला माझ्या होडीत येतो. नदीत काम करतो पण पोहता येत नाही. मी म्हटलं, हे म्हणजे न्हाव्याला रक्ताची भीती. खूप हसला. घरी त्याला चार महिन्यांची मुलगी आहे, तिचा फोटो त्याने मशीनच्या काचेला आतून चिकटवला आहे.

२ फेब्रुवारी
पायऱ्यांशी पाच हात!

पाच. तीनदा मोजलं. काठी बुडवतो तर हात खांद्यापर्यंत ओला. आज होडी पायऱ्यांना लागली, लाकूड दगडाला टेकल्याचा आवाज अकरा वर्षांनी ऐकला. फळी मी रंधा मारून, घासून ठेवली होती, तिची गरजच पडली नाही. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जवळ पाणी आलं. मशीनवाल्याने आपणहून मेहरबानी केली असणार, आपल्या माणसाचं काम म्हणून.

ताईला उचलून होडीत बसवलं. नको नको म्हणत होती, पण तोंड वेगळंच सांगत होतं. पलीकडे नेलं, परत आणलं. मधोमध पाण्यात हात घालून म्हणाली, गार आहे रे. उतरताना तिने भिंतीकडे पाहिलं, पायऱ्यांच्या खालचे दगड उघडे पडले होते, कधी न पाहिलेले. हे दगड बाबांनाही दिसले नसतील, असं म्हणाली. मी म्हटलं, बघून घे, फुकट आहे.

आज सतरा माणसं नेली. मला आनंदाने रडू येत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

९ फेब्रुवारी
घड्याळजींच्या दुकानात भिंतीला भेग. केसाएवढी. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली, आणि घराची मागची भिंत म्हणजे आम्हा सगळ्यांची नदीची भिंत. त्यांनी भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख टाकली. भिंत हलली तर कागद फाटेल. आणि रोज सकाळी ते डोळ्याला भिंग लावून पट्टी तपासणार आहेत. मी म्हटलं, भिंतीची किल्ली भरायची राहिली असेल. ते हसले नाहीत.

११ फेब्रुवारी
पट्टी फाटली.

१४ फेब्रुवारी
ताईचं दार लागत नाही. काल खालून घासत होतं, आज चौकटीत बसतच नाही. मी रंधा मारायला गेलो तर ती म्हणाली, दार नाही रे वाकडं झालेलं, चौकट झाली आहे. तिने फरशीवर एक बटण ठेवलं. ते आपणहून घरंगळत नदीकडच्या भिंतीशी जाऊन थांबलं.

अकरापैकी आठ घरांत भेगा. आठही ठिकाणी कागदाच्या पट्ट्या, घड्याळजींच्या अक्षरात तारखा. आता होडी पायऱ्यांना लागते आणि होडीत बसायला कुणाला सवड नाही.

१७ फेब्रुवारी
आज मशीनवाल्याला नको ते बोललो. सगळी ओळ काठावर जमली होती, आणि मीच पुढे. म्हटलं, तुला हद्द आखून दिली होती, मनाला येईल तशी बादली घातलीस, आमची घरं खाल्लीस. तो मशीन बंद करून खाली आला. शांतपणे म्हणाला, "काका, काठीच्या आत मी एक बादली टाकली नाही. अगदी काठीला घासून काढलं, पण काठी ओलांडली नाही."

काठीला घासून म्हणे. काठीला कुणी घासतं? ज्याला पोहता येत नाही त्याच्या हाती नदी दिली की हेच व्हायचं. काठी म्हणजे धोका, तिच्यापासून एक वल्हं लांब राहायचं, हे आमच्यात शेंबड्या पोराला कळतं. ते कुणी कुणाला सांगत नाही, सांगावं लागतच नाही.

१८ फेब्रुवारी
सांगावं लागत नाही. म्हणून मी सांगितलं नाही.

बाईंनी विचारलं होतं, हद्द इथवर? मी इथवर म्हणालो. त्यांच्या लेखी काठी म्हणजे जिथवर खणायचं ती जागा. माझ्या लेखी काठी म्हणजे जिथे जायचं नाही ती जागा. मध्ये एक वल्हं, सहा हात. त्या सहा हातांत भिंतीचा पाया होता.

मला काही कळायचं बाकी राहिलं नाही. दोन तारखेला होडी पायऱ्यांना लागली तेव्हाच कळायला हवं होतं. फळी लागली नाही याचा मी आनंद केला.

२१ फेब्रुवारी
तीन दिवस होडी बाहेर काढली नाही. ताईने विचारलं, बरं नाही का. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असं बाबा म्हणायचे, तेव्हा ते दुसऱ्या कुणाबद्दल असायचं.

काठ्या आता जागेवर नाहीत. काम झालेल्या पट्ट्यातल्या काठ्या मशीनच्या कंपनीची माणसं उपटून नेतात. कुठे होत्या ते फक्त या वहीला माहीत आहे.

२५ फेब्रुवारी
चौकशी. नदी कार्यालयाच्या लांब टेबलाशी तिघे अधिकारी, कोपऱ्यात इंजिनिअर बाई. त्यांनीच आधी सगळ्यांना समजावलं. चालकाने हद्द ओलांडली असेल तर चूक कंपनीची, अकराही घरांना नव्या इमारतीत खोल्या मिळतील. हद्दच चुकीची आखली असेल तर कंपनीवर जबाबदारी येत नाही, कारण आखणी रहिवाशांच्या माणसाने केली होती, रहिवाशांच्याच अर्जावरून. तसा करारात मजकूर आहे म्हणे.

बाहेर बाकावर घड्याळजी माझ्या कानाशी लागले. म्हणाले, कप्तान, तुझ्या शब्दाला वजन आहे, अकरा घरं तुझ्या तोंडाकडे बघताहेत.

मला विचारलं, चालक काठीपलीकडे गेला का? मी म्हणालो, गेला असेल. त्यांनी लिहिलं, गेला. मी ते उलट्या बाजूने वाचलं आणि काही बोललो नाही. मशीनवाला भिंतीशी उभा होता, दोन्ही हात मागे धरून. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पूर्ण वेळ जमिनीकडे.

घरी आल्यावर सगळ्यांनी मला चहा पाजला. मी प्यायलो.

१ मार्च
मशीनवाल्याला कामावरून उतरवलं. बारा तारखेला त्याचा निकाल आहे. दोषी ठरला तर परवाना जाईल, मग कुठेच कुणी मशीनवर बसवणार नाही.

आज होडीशी आला. माझा पेला त्याच्याकडे राहिला होता, तो घासून-पुसून परत आणला. मला वाटलं शिव्या देईल, द्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, "काका, तुमच्या एका होडीवाल्याने मला ते वल्ह्याचं सांगितलं. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो." एवढंच. मी विचारलं की चौकशीत हे का बोलला नाहीस. तर म्हणाला, बोललो ना, कागद मागतात, काठ्या कुठे होत्या त्याचा पुरावा मागतात.

वही माझ्या मांडीवरच होती. मी तिच्यावर पेला ठेवला.

६ मार्च
पायऱ्यांशी सात हात. खणणं बंद आहे तरी दोन हात वाढले. वाहतं पाणीच आता भिंतीखालची माती नेत आहे.

घड्याळजींच्या बाजूचा जिना रस्त्याकडे कोसळला. त्याखाली कुणी माणूस अडकला नाही. गल्ली बंद केली, दोरी बांधली, दोन दिवसांत घरं खाली करा म्हणून कागद चिकटवला. सगळे शाळेच्या सभागृहात राहायला चालले आहेत, तेरा तारखेला खोल्यांच्या चाव्या मिळणार या आशेवर. ताई हलायला तयार नाही. म्हणते, माझ्याच्याने सभागृहात सतरंजीवर उठबस होणार नाही, इथे माझी खुर्ची आहे, खिडकी आहे. मी हात जोडले, ओरडलो. ती सुईत दोरा ओवत राहिली.

मला भीती वाटते. भिंतीची वाटते, आणि ती मला काही विचारेल याची त्याहून जास्त.

८ मार्च
आज तिला आणलं. सकाळी खिडकीची चौकट सुटून पाण्यात पडली, तेव्हा कुठे ती तयार झाली. गल्लीकडून वाट नव्हती, म्हणून होडी घरालाच लावली. पायऱ्याही आता एका अंगाला झुकल्या आहेत. खिडकी होती त्या भगदाडातून तिला उचलून खाली घेतलं. बटणांचा डबा मांडीवर, वर बाबांचा फोटो. केवढीशी राहिली आहे वजनाने. मीच तिच्या कडेवर वाढलो, आणि आज मी तिला असं घरातून काढत होतो.

भिंतीपासून वल्हंभर लांब आल्यावर मी थांबलो. सांगायचं ठरवलं होतं, सांगून टाकलं. काठी म्हणजे काय ते बाईंना सांगितलं नाही, चौकशीत गप्प बसलो, सगळं. आमची रीत त्यांना माहीत नव्हती ताई, म्हटलं, चूक झाली ती तेवढीच.

ती घराकडे बघत होती. म्हणाली, "रीत जाऊ दे. बाबांची काठी दहा हातांवर असायची. तू चारवर रोवलीस."

मी वल्हं उचलून होडीत आडवं ठेवलं.

"मी मोजत होते खिडकीतून. म्हणून हाक मारली. पण तू वर पाहिलंस, तर तुझं तोंड... आई होती तेव्हा असायचं तसं झालं होतं. माझ्याने बोलवेना. म्हटलं, जेवायला ये." मग पदराने फोटोची काच पुसली. "मी गप्प बसले त्याचं हे झालं. आता तू बसू नकोस."

किती दिवस मी सहा हातांच्या त्या वल्ह्यामागे लपत होतो. बाबांच्या जागी काठी असती तर ती घासून खणलं असतं तरी भिंत उभी राहिली असती. मला पायऱ्या हव्या होत्या. मला माझ्या दारात होडी हवी होती, म्हणून मी काठी आत घेतली. हे मी अकरा जानेवारीला माझ्याच हाताने लिहून ठेवलं आहे, वर बाबांची थट्टा करून.

१० मार्च
सभागृहात घड्याळजींना बाजूला घेऊन सांगितलं. आधी त्यांना सांगायचं, मग कार्यालयात, असं ठरवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. हातात कुणाचं तरी घड्याळ उघडलेलं होतं, ते बंद केलं, पुसलं, खिशात ठेवलं.

मग म्हणाले, चाव्या तेराला मिळतात. तेरापर्यंत थांब.

मी म्हटलं, त्या पोराचा निकाल बाराला आहे.

ते म्हणाले, "त्याला दुसरं काम मिळेल. तरुण आहे. माझं वय एकाहत्तर आहे, मला दुसरी भिंत मिळणार नाही."

त्यांचं काही चूक नाही. त्यांनी माझ्या एकेचाळीस अर्जांवर एकेचाळीस सह्या केल्या, एकदाही वाचून न पाहता. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते बाजूला झाले. आता माझ्याशी सभागृहात कुणी बोलत नाही. ताईची सतरंजी दारापाशी सरकवली आहे, जिथे वारा लागतो. ती म्हणते, बरं झालं, इथे उजेड आहे, बटणं दिसतात.

१२ मार्च
नदी कार्यालयाच्या बाकावर बसून लिहितो आहे. अजून हाक आलेली नाही. मशीनवाला समोरच्या बाकावर आहे, बायको आणि ती मुलगी सोबत. मी का आलो ते त्याला माहीत नाही. त्याने मान हलवून नमस्कार मात्र केला.

रात्रभर विचार केला की मागचं पान फाडलं तर. फाडलं मात्र नाही. अकरा घरं, घड्याळजींची एकाहत्तर वर्षं, ताईची खुर्ची. हे सगळं एका पानावर आणि माझ्या एका शब्दावर अडलेलं. मी बरोबर करतो आहे असं मला मुळीच वाटत नाही. फक्त दुसरं काही करता येत नाही.

येण्याआधी नदीवर गेलो होतो. पायऱ्यांशी आठ हात. जन्मभर मागितलं तेवढं पाणी आहे, तिथे आता उतरायला कुणी नाही. सोबत एक काठी नेली होती. बाबांच्या मापाने, भिंतीपासून दहा हातांवर, घरासमोर रोवली. तळ मऊ होता, फार खोल ठोकावी लागली.

परत निघालो तर आमच्यातल्या तिघांच्या होड्या खालून येत होत्या, प्रवासी भरून. काठी दिसली तशी पहिल्याने वल्हं फिरवलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कुणी काही विचारलं नाही. तिघेही माझ्या घरासमोरच्या काठीपासून एक वल्हं लांबून निघून गेले.

आत बोलावताहेत. ही वही आता त्यांना द्यायची आहे.